विमानतळावरील मोफत वाय-फाय : पाहून घ्यावे, पाहून सोडावे



आपल्या घरांतील विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. सुरतेचे कापड, जयपूरची रत्ने, कोइमतूरची यंत्रे यांच्या खरेदीसाठी तरुण मंडळी सकाळी जाऊन रात्री परततात. सम्मेदशिखराची किंवा श्रवणबेळगोळची यात्रा करणारी वडीलधारी मंडळीही प्रवासाचा मोठा टप्पा विमानाने पार पाडतात. विमानतळावर मात्र दीड-दोन तास आधी पोहोचावे लागते. सुरक्षा तपासणी आटोपली की हाती उरतो तो रिकामा वेळ आणि समोर दिसते ती मोफत वाय-फायची पाटी. अशा वेळी दुकानाची राहिलेली कामे आठवतात. पुरवठादाराचे देणे, जीएसटीचे विवरण, मालाचे ई-वे बिल अशी यादी लांबत जाते. तेव्हा हे मोफत जाळे वापरावे की नाही आणि वापरायचे तर कोणत्या कामासाठी, हा प्रश्न लहानसा असला तरी पेढीच्या तिजोरीशी जोडलेला आहे.

याचे उत्तर आरंभीच सांगतो. वाय-फाय अवश्य वापरावे, परंतु पाहून वापरावे. पेढीचे पैसे मात्र त्यावरून हलवू नयेत. असे का, ते आता सविस्तर पाहू.

जोडणी होते कशी?

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय सुरू केले की आसपासच्या नेटवर्कांची नावे दिसतात. त्यांपैकी विमानतळाचे नाव निवडले की जोडणी होते. पण ती अर्धीच असते. इंटरनेटचे दार अजून उघडलेले नसते. आधी एक नोंदणीचे पान समोर येते. त्यावर मोबाइल क्रमांक भरावा लागतो, मग लघुसंदेशाने ओटीपी येतो आणि तो भरल्यावर ठराविक काळापुरते दार उघडते.

अनेकांची अडचण येथेच होते. ओटीपी हा मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येतो, वाय-फायमधून नव्हे. त्यामुळे फोन आधीच विमान-अवस्थेत टाकलेला असेल, तर कितीही वाट पाहिली तरी संदेश येणार नाही. आधी ओटीपी घ्यावा, जोडणी पूर्ण करावी, बाकीचे नंतर. परदेशात आपले सिमकार्ड रोमिंगवर चालू नसेल तर हीच अडचण तेथेही येते. म्हणून रोमिंगची व्यवस्था निघण्यापूर्वी घरूनच करून घ्यावी. ज्यांच्याकडे स्थानिक क्रमांक नसतो अशांसाठी काही विमानतळांवर पारपत्र दाखवून किंवा यंत्रावर ठेवून संकेतांक मिळण्याची सोय असते. चौकशी कक्षात विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी अडचण म्हणजे नोंदणीचे पानच न उघडणे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विमानतळाचे यंत्र आपली पहिली विनंती मध्येच अडवते आणि आपल्याला स्वतःच्या पानाकडे वळवते. परंतु आजची बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस या सुरक्षित पद्धतीने चालतात आणि ती पद्धत मध्ये आलेल्या परक्याला जुमानत नाही. त्यामुळे वळवणे फसते व पान कोरे राहते. अशा वेळी ब्राउझरमध्ये नेव्हर एसएसएल डॉट कॉम यासारखा, शेवटचा 'एस' नसलेल्या साध्या एचटीटीपीने उघडणारा पत्ता टाकला की नोंदणीचे पान पुढे येते. फोनमध्ये व्हीपीएन किंवा 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल, तर तेही नोंदणी होईपर्यंत बंद ठेवावे लागते. इतके करूनही पान न आले तर ते नेटवर्क यादीतून काढून टाकावे आणि नव्याने जोडावे.

क्रमांक का मागतात?

मोफत सोयीसाठी ओळख कशाला द्यायची, असे पुष्कळांना वाटते. यामागे एक दुःखद इतिहास आहे आणि त्याचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये साखळी बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात दिसले. त्या रहिवाशाचा कटाशी संबंध आढळला नाही. त्याचे दार उघडे होते, एवढेच. पुढे फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याविषयी सेवा कंपन्यांना आदेश दिले. आज आपण भरतो तो ओटीपी ही त्याच व्यवस्थेची खूण आहे.

या घटनेतून आपल्या दुकानांनी व घरांनीही बोध घ्यावा. ज्या वाय-फायला पासवर्ड नाही, त्यावरून कोणी काय केले याचा जाब आधी आपल्याला विचारला जातो. आणि उलट बाजूने पाहिले तर शेजाऱ्याचे वाय-फाय उघडे आहे म्हणून न विचारता वापरणे हे अदत्तादानच होय. आपल्या पाच व्रतांतील अस्तेय हे केवळ सोन्या-नाण्यापुरते नाही. विमानतळाचे वाय-फाय मात्र पाटी लावून दिलेले आहे, म्हणजे ते दत्त आहे. ते घेण्यात दोष नाही.

दिलेले असले तरी ते अगदीच विनामूल्य असते असे मात्र नाही. नोंदणीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत जाहिरातींचे संदेश पाठवण्याची संमती मागितलेली असू शकते, आणि कधी कधी तो चौकोन आधीच खूण केलेला असतो. ती खूण काढावी. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या संसदेने 2023 मध्ये कायदा केला. त्यात संमती ही मोकळेपणाने दिलेली व विशिष्ट कारणापुरती असावी आणि ती मागे घेता यावी, असे तत्त्व आहे. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको : ज्या वस्तूची किंमत लिहिलेली नसते, तिची किंमत कोठेतरी वसूल होत असते.

धोका नेमका कोठे आहे?

याबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, सार्वजनिक वाय-फायला हात लावताच खाते रिकामे होते. काही जण म्हणतात, ही सारी भीती जुनी झाली. दोन्हींत अर्धे सत्य आहे.

पूर्वी अशा उघड्या जाळ्यावरून जाणारा मजकूर पोस्टकार्डासारखा असे; वाटेतल्या कोणालाही तो वाचता येई. आता बँकांची ॲप आणि बहुतेक संकेतस्थळे आपला मजकूर कूटबद्ध करून, म्हणजे बंद पाकिटात घालून पाठवतात. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने नुसते जाळ्यावर कान ठेवून आपला पासवर्ड ऐकावा, हे आज सोपे राहिलेले नाही. अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेनेही अशा कूटबद्धतेमुळे सार्वजनिक वाय-फाय सहसा सुरक्षित असल्याचे आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. दुसरीकडे आपल्याकडील सर्ट-इन ही केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणा आर्थिक व्यवहार सार्वजनिक वाय-फायवरून टाळण्याचाच सल्ला देत आली आहे. वरवर हे परस्परविरोधी वाटेल, पण तसे नाही. पाकीट सुरक्षित असले तरी ते आपण कोणाच्या हाती देतो, हा प्रश्न उरतोच.

नेटवर्कचे नाव ही नुसती पाटी असते. दुकानावर पाटी कोणीही रंगवू शकतो, तसेच विमानतळाच्या नावाचे नेटवर्क कोणीही खिशातल्या लहानशा उपकरणातून सुरू करू शकतो. आपला फोन नावावर विश्वास ठेवतो. मागच्या वेळी जोडलेले नाव पुन्हा दिसले तर न विचारताही जोडून घेतो.

असे प्रत्यक्ष घडलेले आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील एका देशांतर्गत विमानात संशयास्पद वाय-फाय दिसल्याचे विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. तेथील संघीय पोलिसांनी पर्थ विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानाची झडती घेतली, तेव्हा वाय-फाय पसरवणारे छोटे उपकरण, लॅपटॉप आणि मोबाइल सापडले. पर्थ, मेलबर्न व ॲडलेड या विमानतळांवर त्याने खऱ्यासारख्या नावाची खोटी नेटवर्के चालवल्याचे तपासात पुढे आले. जोडणाऱ्यासमोर एक पान येई आणि ते ई-मेलचा किंवा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागे. लोक तो स्वतःच्या हाताने भरत. 2025 मध्ये त्याला सात वर्षे चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रकरणात कोणाचे कुलूप फोडले गेले नव्हते. किल्ली मागितली आणि ती दिली गेली. म्हणून एक खूणगाठ बांधावी. विमानतळाचे वाय-फाय मोबाइल क्रमांक मागेल, ओटीपी मागेल, फार तर नाव विचारेल. ते आपल्या ई-मेलचा पासवर्ड, कार्डाचा क्रमांक, यूपीआयचा पिन किंवा एखादे ॲप उतरवून घेण्याची अट घालू लागले, तर तेथेच थांबावे व जोडणी तोडावी. तसेच ओटीपीचा संदेश नीट वाचावा. तो वाय-फायसाठीच आहे की बँकेच्या एखाद्या कामासाठी, हे त्या संदेशातच लिहिलेले असते. घाईत आपण फक्त आकडे पाहतो, शब्द पाहत नाही.

आणखी एक इशारा महत्त्वाचा आहे. एखादे पान उघडताना 'ही जोडणी खासगी नाही' अशा अर्थाची सूचना ब्राउझरने दिली, तर ती बाजूला सारून पुढे जाऊ नये. समोरचा खरोखर तोच आहे याची खात्री पटत नसल्याचे ब्राउझर त्यातून सांगत असतो. धनादेशावरील सही नमुना सहीशी जुळली नाही, तर बँकेचा कर्मचारी तो परत करतो. ब्राउझरही तेच करत असतो.

खिडकी बंद होत नाही, मग घाई कशाची?

आता पेढीच्या पैशांकडे येतो. एके काळी बँकेची खिडकी ठरलेल्या वेळी बंद होई. त्यानंतर लाखाचे काम असो वा शंभराचे, ते दुसऱ्या दिवसावर जाई. एनईएफटीची सेवा 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएसची सेवा 14 डिसेंबर 2020 पासून वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास सुरू झाली. ही व्यापाराची मोठी सोय झाली, यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर पहाटे चार वाजता विमानतळाच्या खुर्चीवर बसून दोन लाखांच्या वरची रक्कम पाठवण्याचा मोहही निर्माण झाला.

माझे म्हणणे असे की, याच सोयीने त्या मोहाचे कारण काढून टाकले आहे. खिडकी बंद होतच नसेल, तर विमान उतरल्यावर, मुक्कामी पोहोचल्यावर, स्वस्थ चित्ताने ते काम करता येते. दोन तासांत पुरवठादाराचा विश्वास उडत नाही. मात्र उद्घोषणा चालू असताना, एक डोळा फलकावर व एक डोळा सामानावर ठेवून भरलेला खाते क्रमांक चुकला, तर तो विश्वास आणि रक्कम दोन्ही धोक्यात येतात. वाय-फाय अगदी खरे असले तरी हा धोका उरतोच, कारण तो आपल्या घाईत असतो.

काम खरोखरच अडले असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, वाय-फाय बंद करून मोबाइलचा स्वतःचा डेटा वापरावा. लॅपटॉपवर काम असेल तर त्याला आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून जोडावे आणि त्या हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवावा. दुसरा मार्ग अधिक चांगला. चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये व्यवहार भरणारा एक आणि त्यास मंजुरी देणारा दुसरा, अशी व्यवस्था बहुतेक बँका देतात. अशी व्यवस्था असेल, तर प्रवासातल्या माणसाने फोनवर सांगावे आणि पेढीवर बसलेल्या दोघांनी मिळून काम करावे. घरचा एकच मुलगा सारे पासवर्ड खिशात घेऊन हिंडतो, ही अनेक पेढ्यांची रीत आता बदलायला हवी. यात मुलावर अविश्वास नाही. चार डोळ्यांनी पाहिलेली रक्कम सहसा चुकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

व्हीपीएन घेतले की सारे सुरक्षित, असेही काही जण समजतात. व्हीपीएनमुळे आपला मजकूर विमानतळाच्या जाळ्यापासून झाकला जातो हे खरे. पण मग तो व्हीपीएन चालवणाऱ्याच्या दारातून जातो. विश्वास संपत नाही, त्याची जागा बदलते. एका अनोळखी माणसापासून वाचण्यासाठी दुसऱ्या अनोळखी माणसाचे मोफत ॲप घेणे शहाणपणाचे नाही.

घडलेच तर काय?

दक्षता घेऊनही खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आला, तर क्षणही दवडू नये. बँकेच्या मदत क्रमांकावर कळवून खाते व कार्ड थांबवावे आणि 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. बँकेचा मदत क्रमांक फोनमध्ये आहे, पण फोनच हरवला, असेही होऊ शकते; म्हणून तो कागदावर लिहून पाकिटात ठेवावा.

वेळेला येथे किती किंमत आहे, ते पाहा. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अशा व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसाच आदेश काढला. दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही, तो तिसऱ्याच कोणाचा आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळवले, तर ते मर्यादित : लघुउद्योगांच्या चालू व कॅश क्रेडिट खात्यांना प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपये, मोठ्या चालू खात्यांना 25,000 रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. परंतु ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा पिन दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याने सोसायचे. खोट्या पानावर आपल्या हाताने भरलेला पासवर्ड या शेवटच्या प्रकारात मोडू शकतो. आपल्या बँकेचा सध्याचा नियम काय आहे, हे शाखेत एकदा विचारून ठेवावे.

घेण्याची आणि ठेवण्याची रीत

आपल्या परंपरेत साधूंसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतली एक आदाननिक्षेपण समिती. कोणतीही वस्तू उचलताना आधी पाहायचे, प्रमार्जन करायचे, मग उचलायची. आणि खाली ठेवतानाही तशीच जागा पाहून ठेवायची. सूक्ष्म जीवाला पीडा होऊ नये, हा तिचा मूळ हेतू. श्रावकाला ती पूर्णांशाने पाळणे शक्य नसले, तरी त्यातला सावधपणा त्याच्या व्यवहारातही उतरू शकतो. पाणी गाळून घेणाऱ्या घरांना हे अवघड जाऊ नये.

जोडताना पाहावे. विमानतळाच्या फलकावर नेटवर्कचे जे नाव लिहिले आहे, तेच अक्षरशः निवडावे. सारखी दिसणारी दोन नावे असतील तर चौकशी कक्षात विचारावे. लॅपटॉप जोडताना नेटवर्कचा प्रकार 'सार्वजनिक' असा निवडावा, म्हणजे आपला संगणक इतरांना दिसत नाही. नंतर वर्तमानपत्र वाचावे, प्रवचन ऐकावे, घरी सुखरूप असल्याचे कळवावे, विमानाची वेळ पाहावी. ही सारी कामे निर्धास्तपणे होतात.

सोडतानाही पाहावे, आणि नेमके हेच बहुतेकांकडून राहून जाते. काम संपले की सेटिंग्जमध्ये जाऊन ते नेटवर्क 'फर्गेट' करावे, म्हणजे फोनच्या स्मरणातून पुसून टाकावे. आपोआप जोडण्याची सोय बंद करावी. तसे न केल्यास पुढच्या वेळी त्या नावाची कोणतीही पाटी दिसताच फोन तिच्याकडे धाव घेईल, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसेल.

येत्या सुट्टीत घरातील कोणी प्रवासाला निघणार असेल, तर सामान भरतानाच ही दहा मिनिटांची तयारी करून घ्यावी : देणी आधी चुकती करावीत, मंजुरीचे काम पेढीवर सोपवावे, रोमिंग तपासावे, बँकेचा व 1930 हा क्रमांक कागदावर लिहावा. आजी-आजोबा यात्रेला निघत असतील, तर नातवंडांनी त्यांच्या फोनवरील जुनी नेटवर्के शेजारी बसून पुसून द्यावीत आणि पुसायची कशी तेही शिकवावे. पुढच्या वेळी ते स्वतः करतील.